अंड्यावरून पक्षी ओळखायचा तर रंग सर्वांत शेवटी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वळवाचे एक-दोन पाऊस झाले की टिटवीच्या अंड्यांचे फोटो मराठी वर्तमानपत्रांत येऊ लागतात. नांगरलेल्या शेतात चार अंडी आणि खाली ओळ, ‘यंदा चार महिने पाऊस’. मग हेच फोटो मोबाइलवर फिरतात आणि त्यांच्या जोडीने रातव्याची, लाव्याची, अगदी बाजारातल्या जपानी बटेराची अंडीही टिटवीची म्हणून पुढे जातात. आम्ही काही जण माळावरच्या आणि शेतातल्या पक्ष्यांच्या विणीच्या नोंदी ठेवतो. अंड्यावरून पक्षी बऱ्याचदा ओळखता येतो, पण त्याला एक क्रम आहे. अंडी कुठे आहेत, किती आहेत, आकार कसा, माप किती, हे आधी पाहायचे. रंग आणि ठिपके त्यानंतर. लोक नेमके उलटे करतात. ओळख चुकली की अंडी उचलली जातात, कोंबडीखाली उबायला ठेवली जातात किंवा सापाची समजून फोडली जातात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी टिटवीच घेऊ. आपल्याकडे सगळीकडे दिसणारी ती ताम्रमुखी टिटवी. तिचे अंडे साधारण ४२ मिमी लांब आणि ३० मिमी रुंद, म्हणजे गावरान कोंबडीच्या अंड्यापेक्षा स्पष्ट लहान. एक टोक रुंद, दुसरे एकदम निमुळते, भोवऱ्याच्या आकाराचे. मूळ रंग मातकट, राखाडी किंवा हिरवट झाक असलेला. त्यावर काळपट तपकिरी डाग. नीट पाहिले तर या डागांमध्ये दुसरे, पुसट, जांभळट राखी डाग दिसतात. हे डाग कवचाचा थर चढत असतानाच लागलेले असतात, त्यांच्यावर चुन्याचा पातळ पापुद्रा बसलेला असतो, म्हणून ते फिके दिसतात. काळपट डाग अगदी शेवटी, वरून लागलेले. डागांचे हे दोन थर नुसत्या चिखलाने माखलेल्या अंड्यावर कधीच दिसत नाहीत. घरटे म्हणजे जमिनीत उकरलेला उथळ खळगा. कडेने बारीक खडे, ढेकळे, शेळीच्या लेंड्या. चारही अंड्यांची निमुळती टोके मधोमध एकत्र आलेली. असे रचले म्हणजे चार अंडी कमीत कमी जागेत बसतात आणि मादीच्या पोटाखाली पूर्ण झाकली जातात.

टिटवी चार अंडी घालते ती दरवर्षी घालते, सुकाळात आणि दुष्काळातही. १९७२ सालीही तिने चारच घातली असणार. तीन दिसली तर बहुधा चौथे अजून घालायचे आहे किंवा कावळ्याने, मुंगसाने एक नेले आहे. चार अंडी एका दिवसात होत नाहीत, त्यांना काही दिवस लागतात. आज तीन अंड्यांचा फोटो काढून ‘तीनच महिने पाऊस’ म्हणणाऱ्याला परवा तिथे चार दिसू शकतात. अंडी बांधावर आहेत की खोलगटात, यावरूनही अंदाज बांधतात. टिटवीची वीण मार्चपासून ऑगस्टपर्यंत चालते. मार्च-एप्रिलमध्ये खळगा निवडताना ती त्या वेळची मोकळी, खडेमिश्रित, चहूकडे नजर पोचेल अशी जागा पाहते. तशी जागा तिला रेल्वेरुळांच्या खडीत आणि घरांच्या स्लॅबवरही सापडते. पेरणीची तारीख त्यावरून ठरवू नये, एवढे शेतकरी बांधवांना कळकळीने सांगावेसे वाटते.

टिटवीशी गल्लत होणारी अंडी बरीच आहेत आणि ती सगळी जमिनीवरची आहेत. माळटिटवी, म्हणजे डोळ्यापुढे पिवळी गाठ असलेली, कोरड्या खडकाळ पडीक जमिनीवर घालते. अंडी चारच, आकार तोच, पण लांबी ३६ मिमीच्या आसपास. मोजपट्टी नसेल तर या दोघींची अंडी नुसत्या फोटोवरून वेगळी करता येत नाहीत, तिथे पक्षीच पाहावा लागतो. धाविकाची अंडी दोन, क्वचित तीन, आणि जवळजवळ गोल. काळ्या ठिपक्यांनी इतकी भरलेली की खालचा रंग थोडाच दिसतो. निमुळते टोक नाही, म्हणजे टिटवी नाही, हा निवाडा इथे लगेच करता येतो. पखुर्डीची बहुधा तीन, लांबट, आणि दोन्ही टोके सारखी; रंग गुलाबीसर राखी, ठिपके तपकिरी. करवानकाची दोन, टिटवीपेक्षा मोठी. रातवा तर खळगासुद्धा करत नाही. पालापाचोळ्यावर किंवा उघड्या जमिनीवर दोन अंडी, गुलाबी झाकेची, तांबूस डागांची. नदीतल्या वाळूच्या बेटावर मार्च ते मे या दिवसांत तीन ठिपकेदार अंडी दिसली तर नदी सुरयाचा विचार आधी करावा. वाळू उपसणाऱ्यांच्या वाटेत ही अंडी सर्वांत जास्त चिरडली जातात.

तित्तराची अंडी गवताच्या किंवा झुडपाच्या आडोशाला, सहा ते नऊ, फिकट मलईच्या रंगाची आणि बिनठिपक्यांची. रानातल्या काही लाव्यांच्या अंड्यांवर मात्र तपकिरी शिंतोडे असतात. तिथेच जपानी बटेराशी घोळ होतो. बाजारात प्लॅस्टिकच्या खोक्यात मिळणारे बटेराचे अंडे दहा-बारा ग्रॅमचे, मलईरंगावर मोठे गडद तपकिरी डाग असलेले, आणि प्रत्येक मादीचे डाग स्वतःचे असतात. एकाच मादीची अंडी सलग पाहिली तर ती हिची, ही तिची, असे सांगता येते. हा पाळीव पक्षी आहे, तो शेतात घरटे करत नाही. फोटोत अंडी ताटलीत किंवा हातावर असतील तर ती कोणाची हे ठामपणे सांगणे सोडूनच द्यावे, कारण पहिली खूण, जागा, तिथेच हरवलेली असते.

रंगाकडे यायचे तर तो फक्त दोन द्रव्यांचा खेळ आहे. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मुळात पांढरे. तपकिरी, तांबूस, काळपट छटा प्रोटोपॉर्फिरिनच्या. निळ्या-हिरव्या छटा बिलिव्हर्डिनच्या. दोन्ही मिळून ऑलिव्हसारखे मधले रंग होतात. कोंबडीच्या शरीरात अंडे कवचाच्या पिशवीत सुमारे वीस तास असते आणि तपकिरी रंग त्यातल्या शेवटच्या काही तासांत लागतो. अंडे स्थिर असताना लागला तर ठिपका होतो, सरकत असताना लागला तर रेघ किंवा ओरखडा. ठिपके बहुधा रुंद टोकाकडे दाटतात, कधी तिथे कडेच तयार होते. म्हणून फोटो काढताना रुंद टोक दिसेल असा कोन साधावा. निमुळत्या टोकावरून ठिपक्यांचे काही कळत नाही.

पांढऱ्या, बिनठिपक्यांच्या अंड्यांवरून नुसते ‘बिळात किंवा ढोलीत घालणारा पक्षी’ इतकेच ठरते. तिथे अंधारात लपवण्याची गरज नसते. खंड्या आणि वेडा राघू मातीच्या दरडीत बीळ करतात. अंडी गोलसर आणि चकचकीत. पिंगळ्याची ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात, तीन-चार, गोल. पोपट, तांबट, सुतार यांचीही ढोलीत, पांढरीच. सुगरणीचे घरटे झाडाला टांगलेले, पण आत काळोख, म्हणून अंडी पांढरी. पारवा आणि होला हे मात्र या नियमात बसत नाहीत. चार काटक्यांच्या उघड्या घरट्यात दोन पांढरी अंडी, आणि नर-मादी आळीपाळीने जवळजवळ सतत बसलेले. खिडकीच्या कठड्यावर, कुंडीत, एसीच्या मागे दोन पांढरी अंडी असतील तर शहरात ती बहुतेक वेळा याच दोघांपैकी एकाची. भारद्वाजाची अंडीही पांढरी, पण त्यांच्यावर खडूसारखा थर असतो आणि घरटे दाट झुडपात मोठ्या गोळ्यासारखे.

पांढऱ्यातली एक फसगत सांगायलाच हवी. तळ्यातल्या टिबुकलीची अंडी घालताना पांढरी असतात. ती उठताना त्यांवर ओले शेवाळ, कुजका पाला ओढून ठेवते, आणि आठवड्याभरात ती तपकिरी होतात. पहिल्या दिवशीचा फोटो आणि दहाव्या दिवशीचा फोटो दोन वेगळ्या पक्ष्यांचे वाटतात. हुदहुदची अंडीही आधी फिकट आणि नंतर मळकट होतात. पाणकावळ्याची अंडी निळसर हिरवी, पण वर चुन्याचा लेप, तो ओरखडला तिथेच निळे दिसते. डाग अंड्याच्या रंगाचा आहे की बाहेरून लागलेला, हे ठरवायला कडा पाहावी: रंगद्रव्याच्या डागाला कडा असते, मळाचा डाग पसरत पसरत विरतो.

निळ्या अंड्यांत लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. सातभाईची तीन-चार, गडद फिरोजी, तुकतुकीत, सुमारे २५ मिमी लांब. घरटे झाडाच्या बेचक्यात, वाटीसारखे. साळुंकीची चार ते सहा, निळी, ३० मिमीच्या आसपास, पण भिंतीच्या भोकात, छपराखाली, ढोलीत. जागा पाहिली की इथे चूक होत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. चातक आणि पावशा हे दोघेही आपली अंडी सातभाईच्या घरट्यात घालतात आणि तीही निळीच असतात. नुसत्या डोळ्यांनी, तेही दुरून, ती वेगळी काढणे फार अवघड. चातकाचे थोडे गोलसर असते, इतकेच. घरट्यात एक अंडे वेगळे वाटले म्हणून ते काढून टाकण्याचे ‘पुण्य’ कोणी करू नये. कावळ्याच्या घरट्यात कोकिळेचे अंडे ओळखणे त्या मानाने सोपे. कावळ्याचे फिकट निळसर हिरवे, तपकिरी ठिपके आणि रेघा, ३७ मिमीच्या जवळ. कोकिळेचेही त्याच धाटणीचे, पण ३१ मिमीच्या आसपास, शेजारी ठेवल्यासारखे लहान दिसते. बगळ्यांची, वंचकाची अंडीही फिकट निळसर असतात, पण ती झाडावरच्या वसाहतीत, काटक्यांच्या उघड्या घरट्यात, आणि खाली पांढरी विष्ठा पडलेली.

अंगणातल्या पक्ष्यांत लालबुड्या बुलबुलाची दोन-तीन अंडी गुलाबीसर पांढरी, त्यांवर जांभळट लाल शिंतोडे इतके की रुंद टोक जवळजवळ झाकले जाते. दयाळाची फिकट हिरवट निळी, तांबूस तपकिरी डागांची, भोकात किंवा ढोलीत. चिमणीची राखी पांढरी, तपकिरी शिंतोड्यांची. त्यात एखादे अंडे बाकीच्यांपेक्षा फिके असते, बहुधा शेवटी घातलेले. ते परक्याचे नव्हे. राखी वटवट्याचे अंडे एकदा पाहिले की विसरत नाही: जेमतेम १६ मिमी, पक्क्या विटेसारखे लाल, तुकतुकीत. शिंपी पक्ष्यासारखाच हाही पाने शिवतो, त्यामुळे घरट्यावरून घोळ होतो, पण शिंप्याचे अंडे पांढरट किंवा निळसर आणि ठिपक्यांचे. महाराष्ट्रात निव्वळ रंगावरून निवाडा करता येईल अशी अंडी फार थोडी, त्यांत हे पहिले.

आता पाळीव पक्ष्यांबद्दल. कडकनाथचे अंडे काळे नसते. ते फिकट तपकिरी, किंचित गुलाबीसर असते. कोंबडीची कोणतीही जात काळी अंडी देत नाही. काळसर हिरवे, खरखरीत आणि अर्धा किलोच्या आसपासचे अंडे कोणी दाखवले तर ते इमूचे. लेगहॉर्न पांढरी देते, वनराजा आणि गिरिराजा तपकिरी. कानाची पाळी पांढरी तर अंडे पांढरे, लाल तर तपकिरी, हा ठोकताळा बऱ्याच जातींना लागू पडतो, सगळ्यांना नाही. बदकाचे अंडे कोंबडीपेक्षा मोठे, ६५ ते ७५ ग्रॅम, हाताला मेणचट, पांढरे किंवा हिरवट. टर्कीचे ८० ग्रॅमच्या पुढे, मलईरंगावर बारीक तपकिरी ठिपके. गिनी फाउलचे लहान, एका टोकाला बरेच निमुळते, कवच फार जाड. ही पक्षीण झुडपात लपून घालते आणि अनेक माद्या एकाच ठिकाणी घालतात, म्हणून बांधाच्या कडेला पंधरा-वीस अंडी एकत्र सापडली तर ती बहुधा कुणाच्या तरी गिनी फाउलची. मोराची तीन ते सहा, बिनठिपक्यांची, फिकट बदामी, चकचकीत, आणि कवचावर सुईच्या टोकाने टोचल्यासारखी बारीक छिद्रे. वजन शंभर ग्रॅमच्या जवळ. ठिपके आहेत की छिद्रे, यावर टर्की आणि मोर वेगळे होतात. राखी रानकोंबडीचे अंडे मात्र गावरान कोंबडीच्या अंड्यासारखेच दिसते. सह्याद्रीच्या जंगलात जमिनीवर ते दिसले तर जागेवरूनच ठरवायचे.

गावरान म्हणून चहाच्या पाण्यात रंगवलेली पांढरी अंडी विकली जातात, त्याबद्दल नेहमी विचारणा होते. व्हिनेगर किंवा लिंबू चोळून रंग गेला म्हणजे अंडे नकली, ही मोबाइलवर फिरणारी परीक्षा चुकीची आहे. तपकिरी रंग खऱ्या अंड्यातही कवचाच्या बाहेरच्या थरांतच असतो. आम्लाने तो थर विरघळतो आणि रंग पुसला जातो. खरे तपकिरी अंडे फोडले तर कवच आतून पांढरेच दिसते, त्यानेही घाबरू नये. त्यापेक्षा नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली अंधारात अंडे धरावे. नैसर्गिक तपकिरी कवच लाल चमकते, कारण प्रोटोपॉर्फिरिनचा तो गुणच आहे. चहाच्या डागात तो नाही. दिवा नसेल तर ट्रे पाहा. गावरान कोंबड्यांच्या तीस अंड्यांत मलईपासून तपकिरीपर्यंत छटा असतात आणि मापही कमी-जास्त. सगळी एका छटेची, एका मापाची असतील तर शंका घ्यावी. एकाच कोंबडीची अंडी विणीच्या शेवटी फिकी होतात. उष्णतेने, आजाराने, काही औषधांनीही रंग उतरतो. त्यात फसवणूक नसते.

सरपटणाऱ्यांची अंडीही पक्ष्यांची म्हणून येतात. सापाचे अंडे पांढरे, चामड्यासारखे मऊ, दोन्ही टोके सारखी, अनेकदा एकमेकांना चिकटलेली. सरड्याचीही मऊ, मातीत पुरलेली. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे किंवा कपाटामागे दोन-दोनच्या जोडीने सापडणारी, एक सेंटिमीटरची, गोल, कडक पांढरी अंडी पालीची. पक्ष्याचे अंडे भिंतीला चिकटलेले कधी नसते. कोकण किनाऱ्यावर वाळूत शंभरावर गोल पांढरी अंडी एकत्र असतात ती ऑलिव्ह रिडले कासवाची.

हे सगळे हात न लावता पाहायचे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी खराब करणे आणि अंडी किंवा घरटे यांना त्रास देणे येते. कोंबडीखाली मोराची किंवा तित्तराची अंडी उबवणे हा हौसेचा विषय नाही, गुन्हा आहे. उघड्यावरच्या घरट्यापाशी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबू नये, आणि एप्रिल-मेच्या दुपारी तर अजिबात जाऊ नये. टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही जवळ उभे आहात तोवर ती येत नाही आणि जमीन तापत राहते. फोटो दोन-तीन मीटरवरून, झूम करून काढावा. मापासाठी अंड्याशेजारी नाणे ठेवू नये. आधीच पडलेला एखादा खडा फोटोत घ्यावा आणि पिल्ले निघून गेल्यावर तो मोजावा. पक्षी अंड्यांवर दिसत नाही, म्हणून ती सोडून दिली असे समजू नये. टिटवी, तित्तर, मोर, बदके ही सगळी अंडी पूर्ण होईपर्यंत नीट उबवायला बसतच नाहीत.

नांगरट आली असेल तर अंडी बांधावर हलवू नयेत. चारही बाजूंनी पाच-सहा फूट सोडून ट्रॅक्टर वळवावा. खूण म्हणून उंच काठी रोवू नये, कावळ्याला बसायला जागा होते. दोन बसके दगड पुरेत. टिटवीची अंडी २८ ते ३० दिवसांत फुटतात आणि पिल्ले अंग सुकताच चालू लागतात, म्हणजे जास्तीत जास्त एक महिना तेवढा तुकडा पडीक राहील. घरटे फुटले, पिल्लू जखमी झाले तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

आपल्याकडे एक विनंती. अंड्यांचा फोटो छापताना गावाचे आणि शिवाराचे नाव देऊ नये, तालुका पुरे. त्याऐवजी जमीन कशी होती, अंडी किती, तारीख कोणती, आणि उठलेला पक्षी कोणता, ही माहिती छापावी. पक्षी पाहिला नसेल तर ‘टिटवीची अंडी’ असे न लिहिता ‘शेतात आढळलेली अंडी’ एवढेच लिहावे. आणि हातात किंवा टोपीत घेतलेल्या अंड्यांचे फोटो, कितीही चांगले आले असले तरी, छापू नयेत.

आपले,
माळरानावरील पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे काही वाचक